सातबाऱ्यावरून उतरलेली नावं

वाचकांचे प्रश्न : जमीनजुमला

मागच्या अंकात मी सहज लिहिलं की जमिनीत पैसे गुंतवताना काही अडलं तर विचारा, तर विचारलंत की तुम्ही! महिनाभर नुसते फोटो येतायत, सातबाऱ्याचे, खरेदीखताचे, एकाने तर रात्री पावणेबाराला विसारपावतीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं "उद्या सकाळी पैसे द्यायचेत, ताई प्लीज बघा". दादा, मी तेव्हा झोपले होते, काय झालं ते कळवा. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून ज्यातून बऱ्याच जणांचं काम होईल असे थोडे प्रश्न निवडलेत. नावं कोणाचीच देत नाहीये, गावाकडे लगेच ओळखतात लोक.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही तिघे मित्र मिळून मुळशी तालुक्यात इन्व्हेस्टमेंट म्हणून ३८ गुंठे घेतोय. तिघांच्याही नावावर गावाकडे शेती आहे त्यामुळे शेतकरी असल्याच्या दाखल्याचा प्रॉब्लेम नाही. सातबारा एकदम क्लीन आहे, एकच नाव, भोगवटादार वर्ग १ (विकायला सरकारी परवानगी लागत नाही तो), बोजा नाही, इतर हक्कात काही नाही. एजंट म्हणतो सिंगल ओनर आहे, याच आठवड्यात विसार द्या, मागे दुसरी पार्टी लागलीय. वकिलाला दाखवतो म्हटलं तर म्हणाला सातबारा बोलतोय, वकील काय वेगळं बोलणार. काय करू? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : दुसरी पार्टी नेहमीच मागे लागलेली असते, मी बावीस वर्षं सर्चचं, म्हणजे जमिनीचे जुने कागद आणि मालकी तपासायचं, काम करते, पार्टी मागे न लागलेली जमीन अजून बघितली नाहीये.

तुम्ही ज्याला क्लीन म्हणताय ना, त्या एकाच नावाने मला जास्त धास्ती वाटते. खेडेगावात वडिलोपार्जित जमीन, आणि मालक एकटा? त्याला भाऊ नव्हता, बहीण नव्हती, आत्या नव्हती? असेलही तसं, पण बहुतेक वेळा बाकीची नावं कधीतरी उतरलेली असतात, आणि सातबारा तुम्हाला आज कोणाचं नाव आहे एवढंच दाखवतो, काल कोणाचं होतं आणि ते का गेलं हे दाखवत नाही. ते फेरफारात, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदींत असतं. सातबाऱ्यावर नावासमोर कंसात जो आकडा दिसतो तो फेरफार नंबर, आणि खाली जुन्या फेरफारांचे नंबर असतात त्यांची यादी. ते सगळेच्या सगळे काढा, शेवटचे दोन काढून थांबू नका. कॉम्प्युटरवर नवे मिळतील, जुने हाताने लिहिलेले स्कॅन झाले असतील तर ऑनलाइन, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला नकलेचा अर्ज करायचा, चार चकरा होतात पण मिळतात.

आता त्यात काय बघायचं ते सांगते. साधारण असा मजकूर असतो बघा, की खातेदार अमुक तारखेस मयत, वारस मुलगे दोन, मुली तीन, बायको एक, पैकी थोरल्या मुलाचे नाव ए.कु.क. म्हणून दाखल केले. हे ए.कु.क. म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, काही ठिकाणी ए.कु.मॅ. लिहितात, मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं पण जमीन सगळ्यांची. आणि मग काय होतं, वीस-पंचवीस वर्षं जातात, सातबारा नव्याने लिहिला जातो, आणि ती तीन अक्षरं कुठेतरी गळून पडतात, उरतं फक्त थोरल्याचं नाव, त्याच्यानंतर त्याच्या मुलाचं, आणि तो आज तुमच्यासमोर सिंगल ओनर म्हणून चहा पीत बसलेला असतो. तो लबाड असेलच असं नाही हं, त्याला स्वतःलाच कधीकधी माहीत नसतं. तीन अक्षरं गळली म्हणून त्या तीन मुलींचा हक्क गळत नाही.

असंच दुसरं म्हणजे अ.पा.क., अज्ञान पालन कर्ता. म्हणजे नाव लहान मुलाचं आणि पालक आई किंवा काका. त्या पालकाने मधल्या काळात जमीन विकली असेल तर कोर्टाची परवानगी होती का ते विचारा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ प्रमाणे अज्ञानाच्या स्वतःच्या मिळकतीला ती लागते, नसेल तर तो मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत व्यवहार रद्द करून मागू शकतो. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याचं गणित वेगळं आहे, ते तुमच्या वकिलांना फेरफार दाखवूनच ठरवा.

बहिणींचं जरा सविस्तर लिहिते कारण निम्मी पत्रं त्याचीच आहेत. लोक अजून म्हणतात "तिचं लग्न ऐंशी सालीच झालंय, तिचा काय संबंध". महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा दिला तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, ती गोष्ट डोक्यात बसलीय सगळ्यांच्या. पण त्यानंतर हिंदू वारसा कायद्यातच बदल झाला, ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच हिस्सेदार, लग्न झालेलं असो नसो. आणि वडील २००५ च्या आधीच वारले मग तो कायदा लागूच नाही, हा जो वाद वर्षानुवर्षं चालला तो सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा केसमध्ये मिटवला, वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असायलाच हवेत असं काही नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री त्यातून उकरून काढता येत नाही. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी वारस म्हणून १९५६ पासून आहेच.

मग विकणारा म्हणतो बहिणींनी तलाठ्यासमोर जबाब दिलाय, आम्हाला हिस्सा नको म्हणून, सह्या आहेत, अंगठे आहेत. जबाबाने नाव कमी झालं असेल, हक्क जात नाही. हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र लागतं आणि ते रजिस्टर लागतं. सातबारा हे मुळात महसुलाचं कागदपत्र, सारा कोणाकडून घ्यायचा त्यासाठीचं. महसूल संहितेच्या कलम १५७ मध्ये नोंद खरी धरा म्हटलंय, पण उलट सिद्ध होईपर्यंत. नुसत्या नोंदीने मालकी मिळत नाही असं सुप्रीम कोर्टाने कितीतरी वेळा म्हटलंय. आपल्याकडे सरकार मालकीची हमी देत नाही, सब-रजिस्ट्रार सुद्धा दस्त नोंदवतो, विकणारा खरंच मालक आहे का हे तो तुमच्यासाठी शोधून देत नाही. लोकांना वाटतं सरकारी ऑफिसात फोटो काढला, अंगठा दिला, म्हणजे झालं पक्कं.

तर तुम्ही तिघांनी करायचं काय. फेरफारातून वंशावळ स्वतः कागदावर काढा, आजोबापासून, मुलींसकट, मेलेल्या मुलींची मुलंसुद्धा, आणि मग ती विकणाऱ्याच्या प्रतिज्ञापत्राशी जुळवा. आधी त्याची मागू नका, तो देईल ती खरी वाटायला लागते. ज्या बहिणी निघतील त्यांना खरेदीखतात लिहून देणार म्हणून घ्या, किंवा आधी हक्कसोडपत्र रजिस्टर करून आणायला सांगा. मान्यता देणार म्हणून, म्हणजे आमची हरकत नाही एवढ्यापुरती, सही घेणं हा आपला तिसरा पर्याय, मला फारसा आवडत नाही. बहिणीला पैसे द्यावे लागले तर ते विकणाऱ्याच्या रकमेतून, आणि तिच्या खात्यात चेकने, भावाच्या हातात नाही!! तीस वर्षांचा सर्च काढा, इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची सूची, बघा. पेपरात जाहीर नोटीस द्या, साधारण पंधरा दिवसांची देतात, पण नोटिशीवर कोणी आलं नाही म्हणजे हक्क संपला असं समजू नका, औरंगाबादला दिलेली बहीण पुण्याचा पेपर वाचत नाही. ई-कोर्ट्सवर पार्टीच्या नावाने दावा चालू आहे का बघा, स्पेलिंग चार प्रकारे टाकून बघा कारण इंग्रजीत एकच आडनाव चार प्रकारे लिहितात, आणि दावा चालू असताना घेतलेली जमीन त्या दाव्याच्या निकालाबरोबर जाऊ शकते.

आणि विसार द्यायचाच असेल तर थोडा, चेकने, आणि पावतीवर लिहून घ्या की टायटल, म्हणजे मालकी हक्क, निर्वेध न निघाल्यास इतक्या दिवसांत पूर्ण रक्कम परत. एजंटला हे वाक्य दाखवा, त्याचा चेहरा बघा, अर्धा सर्च तिथेच होतो.

प्रश्न : २०१६ साली दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला होता, आम्ही अकरा जण होतो, सगळ्यांचं मिळून २२ गुंठ्यांचं एकच खरेदीखत झालं, सातबाऱ्यावर अकराही नावं आहेत. एजंटने नकाशा दिला होता त्यात माझा प्लॉट नंबर ७, पुढे २० फुटी रस्ता. आता मुलाच्या शिक्षणासाठी विकायचा आहे तर गिऱ्हाईकाची बँक लोन देत नाही म्हणते. माझं नाव तर सातबाऱ्यावर आहे, मग अडचण काय? – एक वाचक, बारामती

उत्तर : काका, वाईट वाटेल पण प्लॉट नंबर ७ फक्त त्या नकाशावर आहे. नकाशा एजंटच्या पोराने कॉम्प्युटरवर काढलेला असणार, त्यावर कुठल्या ऑफिसचा शिक्का आहे का बघा. तुमच्याकडे आहे तो २२ गुंठ्यांतला अकरावा अविभक्त हिस्सा. कोपऱ्यातले २१७८ चौरस फूट तुमचे असं कुठल्याच सरकारी कागदावर लिहिलेलं नाही, प्रत्येक ढेकळात तुमचा अकरावा भाग, एवढंच.

हे असं का करतात माहितीये? तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे, प्रमाणभूत, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान, क्षेत्रापेक्षा कमी तुकडा पाडून विकता येत नाही, आता बऱ्याच ठिकाणी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० असं केलंय, पूर्वी त्याहून मोठं होतं. दोन गुंठ्यांचं खरेदीखत सब-रजिस्ट्रार नोंदवणार नाही, म्हणून अकरा जण गोळा करायचे, कायद्याला चालेल एवढं मोठं क्षेत्र एका दस्तात विकायचं, आणि जागेवर चुना टाकून अकरा चौकोन पाडायचे. दस्त खोटा नाही, नोंद खोटी नाही, खोटा आहे तो चुना.

बँकेचं म्हणणं बरोबर आहे, उद्या हप्ते थकले तर ती जप्त काय करणार, ढेकळातला अकरावा भाग? शिवाय एकाने कुठून कर्ज काढलं, किंवा एक वारला आणि त्याच्या पोरांचं भांडण लागलं, तर सातबारा सगळ्यांचा एकच असल्यामुळे तुम्हालाही त्याचा धूर लागतो.

काय करता येईल ते बघू. पहिलं काम, गटाचा झोन दाखला काढा. शेती विभागात आहे का रहिवासी विभागात, यावर सगळं आहे, कारण २०२५ मध्ये सरकारने नगरपालिका, प्राधिकरणं आणि विकास आराखड्यातल्या बिगरशेती वापराच्या भागांसाठी तुकडेबंदी बरीच सैल केलीय. रहिवासी निघाला तर तहसीलला जाऊन आजच्या घडीला कोणत्या नियमात बसतं ते लेखी विचारा, तोंडी नको. अकरा जणांनी मिळून रीतसर लेआउट मंजूर करून घ्यायचा, बिगरशेतीचं (एन.ए.) जे लागेल ते, मोजणी, मग प्रत्येकाचा वेगळा उतारा, हा खरा रस्ता. त्यात अकरापैकी एक जण हमखास दुबईला असतो आणि एक जण सही करायला पैसे मागतो. शेती विभाग निघाला तर मात्र तुमचा हिस्सा त्या दहांपैकीच कोणाला तरी विकणं हे सगळ्यात कमी त्रासाचं, भाव कमी येईल, पण मुलाची फी भरायची वेळ चुकणार नाही.

प्रश्न : ठाण्यात फ्लॉट बघितला आहे, मालक अमेरिकेत, त्यांचा भाचा कुलमुखत्यारपत्रावर विकतोय. पॉवर रजिस्टर आहे म्हणतो. चालेल ना?

उत्तर : चालतं, पण तीन गोष्टी बघून. मालक जिवंत आहेत का? मालक गेले की साधारणपणे पॉवर तिथेच संपते, भाच्याच्या हातात कागद राहतो नुसता. व्हिडिओ कॉल करा, पासपोर्ट हातात धरून दाखवायला सांगा, लाजू नका. दुसरं, परदेशात केलेली पॉवर इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावी लागते, ते झालंय का. तिसरं, ती पॉवर फ्लॅट *विकून खरेदीखत नोंदवून द्यायला* आहे का, की नुसती भाडं गोळा करायला आणि सोसायटीच्या मीटिंगला जायला, पूर्ण वाचा.

आणि भाचा जर म्हणाला की खरेदीखत कशाला, मी तुमच्या नावाने पुढे पॉवर करून देतो, स्टॅम्प ड्युटी वाचेल, तर तिथूनच उठा. पॉवरवर मालकी येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सूरज लॅम्प केसमध्ये स्पष्ट केलंय. हो, विकणारा परदेशस्थ असला की टीडीएस नेहमीच्या १ टक्क्याने कापून भागत नाही, बराच जास्त कापावा लागतो आणि तो कापायची जबाबदारी तुमची असते, सीएला आधी विचारा. (आणि फ्लॅट लिहा हो, फ्लॉट काय.)

प्रश्न : आम्ही मूळचे पेडण्याचे पण तीन पिढ्या गिरगावात. रिटायरमेंटनंतर गोव्यात राहायचं म्हणून बार्देशात जुनं घर बघितलंय. विकणारे गृहस्थ साठीचे आहेत, म्हणतात घर माझ्या वडिलांचं, तीन भावांत वाटणी झाली, हे माझ्या वाट्याचं. बायको लंडनला मुलीकडे असते. आमचे मुंबईचे वकील म्हणाले घर त्याच्या बापाचं, बायकोच्या सहीचा संबंध नाही. – एक वाचिका, मुंबई

उत्तर : ताई, तुमचे वकील मुंबईसाठी अगदी बरोबर आहेत. पण गोव्यात कायदाच वेगळा. तिथे पोर्तुगीज सिव्हिल कोड, मूळचा १८६७ चा, कुटुंब आणि वारशाच्या बाबतीत चालत आलाय, आणि त्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मिळकत एकत्र धरतात, दोघांची निम्मी निम्मी. वडिलांकडून आलेलं घरसुद्धा त्यात येतं. म्हणजे लंडनला नातवंडं सांभाळणारी बाई त्या घराची निम्मी मालकीण आहे, तिची सही नसेल तर निम्मं घर तुम्ही घेतलंच नाही.

आणि हे फक्त त्यांच्या बायकोपुरतं नाही हं, वाटणीत जे तीन भाऊ होते त्यांच्या बायकांच्या सह्या होत्या का, बहिणी होत्या का, बहिणींच्या नवऱ्यांच्या सह्या होत्या का. नवऱ्यांच्या सुद्धा! पहिल्यांदा मी गोव्याचे कागद बघितले तेव्हा जावयांच्या सह्यांची रांग बघून मला हसू आलं होतं, नंतर कळलं की ज्या कागदावर जावई नाहीत तो कागद धोक्याचा. वाटणी आपापसात कागदावर लिहून केली का कोर्टात इन्व्हेंटरी प्रोसिडिंग होऊन झाली ते विचारा, इन्व्हेंटरी झाली असेल तर वारस कोण आणि कोणाला काय मिळालं ते सगळं त्यात येतं. त्याचा गोव्याचा २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे.

जागेचा उतारा तिथे फॉर्म एक-चौदा. त्यात कुळाचं नाव आहे का बघाच, पण स्वतः जाऊन आवारात फिरा, मागे एखादं छोटं घर, तुळस, धुणं वाळत घातलेलं दिसलं तर कोण राहतं ते विचारा. तो मुंडकार असू शकतो, भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा, १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, घर त्याच्याकडून खाली करून मिळेल या हिशोबाने पैसे मोजू नका. आणि घराची जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक संस्थेची, तर नाही ना हेही. पोर्तुगीजमधले जुने कागद असतील तर म्हापशाचा किंवा पणजीचा वकील करा, मुंबईच्या वकिलांना राग येईल, येऊ दे.

प्रश्न : डोंबिवलीत १९९२ च्या बिल्डिंगमध्ये रीसेल फ्लॅट घेतोय, भाड्याने द्यायला. आत्ताचे मालक तिसरे. त्यांचं अॅग्रीमेंट आहे, दुसऱ्यांचं आहे, पण बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेलं ओरिजिनल हरवलंय म्हणतात, झेरॉक्स आहे. शेअर सर्टिफिकेट त्यांच्या नावावर आहे. पुढे जावं का?

उत्तर : हरवतात, १९९२ चा कागद, मधे दोन वेळा घरं बदलली, पूर आले, वाळवी लागली, खरंच हरवतात. पण ओरिजिनल नसण्याचं दुसरं कारण असतं की ते कोणाच्या तरी कपाटात कुलपात आहे. आपल्याकडे नुसते मूळ कागद सावकाराकडे किंवा बँकेत ठेवून गहाण होतं, दस्त लागत नाही. महाराष्ट्रात एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना सब-रजिस्ट्रारकडे फाइल करावी लागते त्यामुळे नंतरची बँकेची गहाणं सर्चमध्ये आणि सेरसाईवर, म्हणजे गहाणांच्या ऑनलाइन नोंदवहीत, सापडतात, त्याच्या आधीची तशी सापडतीलच असं नाही.

म्हणून पोलिसात हरवल्याची तक्रार, दोन पेपरात नोटीस, सब-रजिस्ट्रारकडून पहिल्या अॅग्रीमेंटची सही-शिक्क्याची नक्कल, आणि मालकाचं नुकसानभरपाईचं हमीपत्र, हे सगळं तुमच्या पैशाच्या आधी, नंतर नाही. सोसायटीकडून पत्र घ्या की फ्लॅटवर कोणाच्या कर्जाची नोंद त्यांच्या रजिस्टरला नाही, जुने सेक्रेटरी असतील तर त्यांच्याशी दहा मिनिटं गप्पा मारा, पहिल्या मालकाने कुठल्या बँकेचं लोन काढलं होतं हे त्यांना पाठ असतं. नक्कल मिळत नाही म्हणाले तर याचा अर्थ बहुधा तेव्हा अॅग्रीमेंट रजिस्टरच झालं नव्हतं, आणि १० डिसेंबर १९८५ नंतरच्या अॅग्रीमेंटला पूर्ण मुद्रांक लागतो, तो बुडाला असेल तर दंडासकट वसुली निघते आणि ती विकणाऱ्याने भरायची असं साठेखतात, म्हणजे खरेदीच्या आधीच्या करारात, लिहा.

शेअर सर्टिफिकेटवर नाव असणं म्हणजे तो सभासद आहे. मधल्या मालकाच्या मृत्यूनंतर नॉमिनीच्या नावावर झालं असेल तर नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, बाकीच्या वारसांची सही बघा, पुन्हा तेच उतरलेल्या नावांचं. आणि एक, इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर आहे का ते मालमत्ता पत्रकावर बघा. तीस वर्षं झाली तरी कन्व्हेयन्स न झालेल्या सोसायट्या डोंबिवलीत वाटेल तितक्या आहेत, जमीन अजून बिल्डरच्या नाहीतर मूळ शेतकऱ्याच्या नावावर. भाड्यासाठी घेताय म्हणजे आत्ता फरक पडणार नाही, रीडेव्हलपमेंटच्या वेळी पडेल. २००८ पासून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी होणारं डीम्ड कन्व्हेयन्स, सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून घेऊ शकते. अर्ज केलाय का, एवढं विचारा, आणि नसेल केला तर भावात थोडं ओढा.

प्रश्न : ताई, सगळ्यांना सल्ले देता, तुम्ही स्वतः कधी फसला नाहीत का? – एक खवचट वाचक, सातारा

उत्तर : फसले ना. लग्नानंतर आठ-नऊ वर्षांनी आम्ही एक एकर पाच गुंठे घेतली, यांच्या गावाशेजारच्या गावात. कागद मीच तपासले. आजोबापासूनचे फेरफार काढले, चार बहिणी शोधल्या, एक आंध्रात होती तिला बोलावून हक्कसोडपत्र केलं, कुळाची जुनी नोंद होती तिचा निकाल काढला, तलाठी म्हणाले मॅडम एवढं कोणी करत नाही. मी खूश. खरेदीखत झालं, नोंद मंजूर झाली, पेढे वाटले.

मोजणी केली नव्हती. विकणारा बांधावरून चालत गेला, हा आंबा, ही विहीर, तो ओढा, आम्ही मागे मागे, चतुःसीमा कागदावर जुळल्या, मग कशाला आणखी फी भरायची म्हटलं. दोन वर्षांनी पाइपलाइन टाकायची होती म्हणून मोजणीचा अर्ज दिला. भूमी अभिलेखचे लोक आले, दिवसभर उन्हात, शेजारी सगळे बांधावर जमलेले, मी सरबत फिरवतेय, आणि संध्याकाळी त्यांनी खुणा दाखवल्या तर विहीर शेजारच्या गटात साडेतीन फूट आत. सात गुंठे कमी भरले ते वेगळंच. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला वडिलांपासून आम्ही तिथलंच पाणी घेतो, माझी जमीन तुम्ही बघून घेतली की. तेही खरंच.

क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली तेव्हा यांनी ती घडी घालून माझ्या सर्चच्या फाइलमध्ये ठेवली, चार बहिणींच्या सह्यांच्या खाली, एक शब्द बोलले नाहीत. दावा वगैरे केला नाही. शेजारी माणूस चांगला आहे, पाणी वर्षानुवर्षं घेतलं जात होतं म्हणून त्यांच्याशी पाणी घेण्याचा करार लिहून रजिस्टर केला, आता मोटर आमची, विहीर त्यांची, मंगळवार आणि शुक्रवार पाणी आमचं, आणि उन्हाळ्यात शुक्रवारी लाइट नसते.